हृदयाची गोळी – होय की नाही

सोमवार, ३ मार्च

हिला दाखल केलं. आयसीयू, खाट चार.

चार दिवस कसकस होती. लघवीला जळजळ होतेय हे मला काल सांगितलं. "पाणी जास्त प्यायलं की जातं ते, तुम्ही नका घाबरवू." एका शाळेचे गणवेश शिवून द्यायचे होते, चाळीसातले अकरा राहिले होते, म्हणून दुखणं अंगावर काढलं. आज सकाळी उठवायला गेलो तर मला म्हणाली, "मास्तर, मापं आणलीत का?" अंग भाजत होतं. मला ओळखत नव्हती. कशीबशी गाडीत घातली.

एकतीस वर्षं या हॉस्पिटलच्या तळघरात नोंदी सांभाळतोय. तातडीच्या दारातून आज पहिल्यांदा आत गेलो. "काका, तुम्ही इकडे कुठे?" म्हणून एकाने हसून विचारलं, मग मागचं स्ट्रेचर दिसलं आणि त्याने पुढे होऊन दार धरलं.

आयसीयूचा डॉक्टर – जाड चष्मा, वयाने माझ्या लेकीएवढा. म्हणाला, लघवीतले जंतू रक्तात पसरलेत. प्रेशर पडलंय, नाडी एकशे अडतीस. "काकू रोजची औषधं कुठली घेतात?"

हे मात्र मला पाठ. हृदयाची धडधड आवरणारी गोळी, रोज सकाळी एक, नऊ वर्षं.

"मधे खंड?"

एक दिवसही नाही. मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवतो, मगच चहा. त्याने ते पहिल्या पानावर लिहिलं. मी वाकून पाहिलं, नीट लिहिलंय ना. लिहिलं होतं. दिवसभरात तेवढंच एक काम माझ्या हातून धड झालं.

मंगळवार, ४ मार्च

घशात नळी घातली. आता ती बोलणार नाही. भेटायची वेळ अकरा ते बारा, पाच ते सहा. मधल्या वेळाचं काय करायचं? साहेब म्हणाले रजा घ्या. रजा घेऊन बाहेरच्या बाकावरच बसायचं ना? त्यापेक्षा खाली तळघरात गेलो. तिथली खुर्ची तरी माझी आहे.

टेबलावर तक्तेवाल्या बाईंचा गठ्ठा. या हृदयविकाराच्या डॉक्टर. दर दोन दिवसांनी खाली येऊन "काका, तक्ता कुठवर आला?" विचारतात, म्हणून खाली त्यांचं हे नाव पडलं. त्यांचा प्रश्न असा – एवढा मोठा संसर्ग होऊन जे येतात, त्यातले आधीपासून हृदयाची गोळी घेणारे जास्त जगतात का? सहाशे बारा जुने केसपेपर मी एकेक उघडले आणि संगणकावर रकाने भरले. वय. स्त्री की पुरुष. हृदयाची गोळी, होय की नाही. जगला की गेला. चार महिने लागले. या आठवड्यातले चार-दोन पेपर त्यात घातले की सोमवारी त्यांचा निबंध मासिकाकडे छापायला जाणार.

उत्तर आलंय. गेल्या महिन्यात बाईंनी खूश होऊन मला चहा पाजला तेव्हा सांगितलं होतं. गोळी न घेणाऱ्या शंभरातले चौतीस गेले, घेणाऱ्या शंभरातले एकोणीस. "काका, पंधराचा फरक म्हणजे गंमत नाही!"

तेव्हा मी मान डोलावली होती. आज जिना चढताना, उतरताना, नळाखाली हात धुताना तेच चाललं होतं. चौतीस, एकोणीस. ही एकोणीसवाल्यांतली आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी निदान मोजून घेतलेली आहे.

बुधवार, ५ मार्च

लेक आली. आईला काचेतून पाहिलं आणि माझ्यावर उखडली.

"चार दिवस ताप होता तर तुम्ही काय करत होतात, बाबा?"

विचारत होतो. रोज विचारत होतो, बरं वाटतंय का. ती हो म्हणायची.

"ती हो म्हणणारच. तिने आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलंय?"

मग रडली, मग मला डबा उघडून दिला, मग पुन्हा त्याच प्रश्नावर आली. ती रागावलेली बरी, तेवढं तिला काहीतरी करायला आहे.

चष्मेवाल्याने सांगितलं, आल्यापासून हृदयाची गोळी बंद ठेवलीय. प्रेशर मुळातच नाही, त्यात ती गोळी प्रेशर आणखी खाली आणते. मी म्हटलं, "पण गोळी घेणारे जास्त जगतात."

"कोण म्हणतं?"

"आमचा तक्ता."

हसला नाही, ही त्याची सभ्यता. म्हणाला, "काका, सध्या सलाईन, अँटिबायोटिक आणि प्रेशरचं औषध. बाकी उद्या पाहू."

गुरुवार, ६ मार्च

सकाळी नऊलाच तक्तेवाल्या बाईंच्या खोलीबाहेर उभा राहिलो. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. "अहो काका, सांगायचं नाही का?" तशाच माझ्याबरोबर वर आल्या.

खाट चारच्या पायथ्याशी दोघं बोलत होते, मी काचेबाहेर. दार उघडझाप होई तेव्हा तुकडे ऐकू येत.

"...नऊ वर्षं घेतलेली गोळी एकदम बंद केली की नाडी उसळते, ही उसळलेलीच आहे..."

"...प्रेशर औषधावर टेकलंय, मॅडम, स्वतःचं नाही..."

"...कालपासून स्थिर आहे ना? अर्धी द्या. आमच्या आकड्यांत तर..."

एकतीस वर्षं मी डॉक्टरांची भांडणं कागदावर वाचत आलोय. तिथे ती शेवटाला गेलेली असतात. इथे कुणाचं खरं, ते हिच्या अंगावर कळणार होतं.

चष्मेवाला बाहेर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "नक्की खंड नव्हता ना?" मी म्हटलं, नक्की. हात जोडले. उगीच जोडले, पण जोडले गेले.

साडेअकराला नळीतून अर्धी गोळी दिली.

पाचला गेलो तर काचेआड गर्दी. प्रेशर घसरलं होतं. सिस्टर धावत औषधाची गती वाढवत होती. मला म्हणाली, "काका, जरा बाहेर." मी बाहेरच होतो.

बाहेरच्या बाकावर एक बाई. तिच्या सासऱ्यांना नुकतंच आणलं होतं, तसाच संसर्ग, खाट पाच. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत गोळ्यांची पाकिटं. मला म्हणाली, "यांची हृदयाची गोळी आहे, बारा वर्षांपासून. सगळं घेऊन आलेय. कुणी विचारतच नाही हो." मी म्हटलं, विचारतील. माझं लक्ष नव्हतं.

शुक्रवार, ७ मार्च

गोळी बंद केली. लघवी जवळजवळ थांबली. "थांबून पाहू," म्हणतात. काय पाहायचं ते सांगत नाहीत.

शुक्रवार, पुन्हा

लेकीने ते राहिलेले गणवेश घरून आणलेत. बाकावर बसून हातशिलाई घालते. तिला शिवण येत नाही. मी म्हटलं, असू दे गं. म्हणाली, "आई उठली की हे सगळं उसवायला लावेल. लावू दे." शाळेच्या बाईंचा फोन आला होता म्हणे, घाई नाही. आता घाई नाही!

शनिवार, ८ मार्च

खाट पाचचे आजोबा काल सकाळीच गेले. आज त्यांचा पेपर खाली आला.

ही तशीच आहे. अकराला पाहून आलो, हात धरला, सुजलाय. काही कळतं का तिला, विचारलं. सिस्टर म्हणाली, "बोलत राहा, काका." काय बोलणार? नळाचा वॉशर बदलला हे सांगितलं.

खाली येऊन आजोबांचा पेपर उघडला. तक्त्यात घालायचा होता. वय एकोणऐंशी. पुरुष. हृदयाची गोळी – जागा कोरी. बरोबरच आहे. आल्यापासून तेरा तास जगले, त्यात नळी घातली, छाती दाबली, पुन्हा दाबली. औषधांची चौकशी करायला वेळ कुणाला होता?

रकाना कोरा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नाही. बोट आपोआप 'नाही'वर गेलं. मग 'गेला'.

आणि बोट तिथेच राहिलं.

बारा वर्षं. मी त्या पिशवीतली पाकिटं पाहिली होती.

आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात – जे लिहिलं नाही ते झालं नाही. मला मोठ्या कारकुनांनी शिकवलं, मी पुढे दोघांना शिकवलं. सलाईन दिलं म्हणता, लिहिलंय कुठे? नाही? मग दिलं नाही. सगळं हॉस्पिटल या वाक्यावर चालतं, कोर्टातसुद्धा हेच चालतं. म्हणून कोरी जागा दिसली की मी 'नाही' भरलं. चार महिने. मनात शंकासुद्धा आली नाही. बाईंनी कधी विचारलं नाही, कारण कोऱ्या जागा असतात हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यापर्यंत भरलेला तक्ता जायचा.

कुणाची जागा कोरी राहते? जो आल्या आल्या जातो त्याची. जो आठवडाभर राहतो त्याला कुणीतरी केव्हातरी सावकाश विचारतं.

म्हणजे लवकर जाणारे सगळे मी उचलून 'नाही'च्या ढिगात टाकले. आणि मग त्या ढिगात माणसं जास्त मरतात म्हणून आम्ही चहा प्यायलो.

रविवार, ९ मार्च

किल्ली माझ्याकडेच असते. लेकीला सांगितलं, काम आहे. "आज? रविवारी? बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

सहाशे बारा पुन्हा काढले. फक्त पहिलं पान पाहायचं, कोरं की लिहिलेलं. अकराला वर, बाराला खाली, पाचला वर, सहाला पुन्हा खाली. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

कोरे – एकशे एक्केचाळीस. त्यातले एकोणऐंशी गेलेले.

ते बाजूला ठेवून उरलेल्यांचा हिशेब केला. न घेणाऱ्या शंभरातले बावीस-तेवीस गेले. घेणाऱ्यांतले एकोणीस.

एकोणीस आणि बावीस. एवढा फरक तर कुठल्याही दोन गठ्ठ्यांत निघेल.

हिचं प्रेशर किंचित वर आलंय म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता. कशाच्या जोरावर व्हायचा तेच कळेना.

सोमवार, १० मार्च

बाई आठला येतात. पावणेआठला उभा होतो. त्यांना वाटलं हिचं काही झालं, धावत आल्या. मी म्हटलं, नाही, दुसरंच आहे.

सगळं सांगितलं. बसा म्हणाल्या तरी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "किती कोरे?"

"एकशे एक्केचाळीस."

खिडकीबाहेर बघत राहिल्या. निबंध आज दुपारी जायचा होता. दोन वर्षांचं काम. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी पेपर उघडून एकदाही पाहिले नाहीत, काका. वीस तरी पाहायला हवे होते. तुमच्या रकान्यांवर डोळे मिटून विसंबले."

"म्हणजे गोळीने माणूस वाचत नाही?"

"म्हणजे आपल्याला माहीत नाही." मग म्हणाल्या, "आत्तापर्यंत वाटत होतं की माहीत आहे."

मी विचारलं, मग गुरुवारची ती अर्धी गोळी? ती माझ्या तक्त्यामुळेच दिली ना? माझ्या चुकीने तिचं प्रेशर पडलं ना? चला म्हणाल्या, वर जाऊ.

चष्मेवाल्याने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. चष्म्याविना इतका लहान दिसतो.

"काका, तुमच्या तक्त्यावर मी पेशंटला पाणीसुद्धा पाजलं नसतं. मॅडमसमोरच सांगतो." मग माझ्याकडे वळला. "मी गोळी दिली ती तुमच्या शब्दावर. नऊ वर्षं रोज घेणारं शरीर वेगळं असतं. त्याला त्या गोळीची सवय असते, ती एकदम काढली तर त्रास होतो. तुम्ही म्हणालात एक दिवस खंड नाही, म्हणून. प्रेशर पडलं ते संसर्गाने पडलं की गोळीने, देवाला माहीत. पण तुमचा शब्द पक्का आहे ना?"

पक्का.

"झालं तर मग."

जिना उतरताना पाय हलके वाटले. लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण सहाशे बाराजण माझ्या हातून चुकले असले तरी हिच्याबद्दल तरी मला ठाऊक आहे. ते कुठल्या कागदावरून घेतलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

ताप नाही. लघवी सुटली – लेकीने ही बातमी फोनवर मावशीला इतक्या जोरात सांगितली की अख्खा बाक हसला.

नाडी अजून एकशे वीस. प्रेशरचं औषध जवळजवळ काढलं. चष्मेवाला म्हणाला, आता पाव गोळीपासून पुन्हा सुरू करू, सवयीची आहे तेव्हा सोसेल. या वेळी मी हात जोडले नाहीत. नुसती मान हलवली. पाव गोळी दिली तेव्हा तासभर काचेला नाक लावून तो पडदा पाहत होतो. आकडा खाली येतो, वर जातो. मला त्यातलं काही कळत नाही. सिस्टरने हटकलं, "काका, तुम्ही बघताय म्हणून तो जास्त चांगला नाही यायचा." माहीत आहे. तरी उभा राहिलो.

बुधवार, १२ मार्च

डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही सांगता येत नाही.

गुरुवार, १३ मार्च

नळी काढली. ओळखलं.

बोलू देत नाहीत. लेकीने एक गणवेश उंच करून काचेतून दाखवला. हिने शिलाई पाहिली आणि डोळे मिटून घेतले. लेक म्हणाली, "बघा, आई बरी झाली."

खाली तक्तेवाल्या बाई सगळा तक्ता पुन्हा करायला घेतायत. कोऱ्यांसाठी तिसरा रकाना – 'माहीत नाही'. ज्यांचे पत्ते आहेत त्यांच्या घरच्यांना मी फोन करायचे. आज सहा केले. एक मुलगा म्हणाला, "पाच वर्षांनी विचारताय?" मी माफी मागितली. त्यालाही गोळीचं आठवत नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

आवाज फुटला. घोगरा, पण तिचाच.

सिस्टर पाव गोळी घेऊन आली तशी ही म्हणाली, "ती नको." मी म्हटलं, अगं, तुझीच रोजची आहे. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "रोजची कुठली? सोडली मी. तीन महिने झाले."

त्या गोळीने बोटं गार पडायची म्हणे. सुई कुठे आहे तेच कळायचं नाही. "तुम्ही हातावर ठेवायचात, मी चूळ भरताना टाकून द्यायची. सांगितलं असतं तर तुम्ही जीव खाल्ला असता. अहो, रागावलात?"

नाही म्हटलं.

चष्मेवाल्याला शोधून सांगितलं. त्याने केसपेपर मागवला, पहिल्या पानावरची ती ओळ खोडली, खाली नवी लिहिली, आणि माहिती देणाऱ्याची सही म्हणून पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. गुरुवारची अर्धी गोळी त्या खोडलेल्या ओळीच्या भरवशावर दिली होती.